देवाची वामकुक्षी

माझा एक मूर्खपणा आधीच सांगून टाकते. माझी झोप उडाली होती आणि मी महिला मंडळात सांगत सुटले होते की ती देवानेच काढून घेतली, मी रात्री जप करावा म्हणून. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. खरी गोष्ट साधी होती. हे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, दिल्लीतलं आर. के. पुरमचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही फरीदाबादला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. नव्या जागेत झोप येईना. पण ‘झोप येत नाही’ म्हटलं की लोक दुधात जायफळ घालायला सांगतात आणि ‘देव झोपू देत नाही’ म्हटलं की वाकून नमस्कार करतात. मला नमस्कार आवडले.

रोज जेवणं आटोपली की मी देवघरातल्या बाळकृष्णाची शेजारती करायची. त्याच्या अंगावर वीतभर शाल घालायची, देव्हाऱ्याचा पडदा ओढायचा. देव झोपला. मग मी अंथरुणावर जाऊन या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायची आणि कंटाळले की उठून तोच पडदा सारायची, दिवा लावायची आणि माळ घेऊन बसायची. जप कसला, तक्रारीच होत्या. एक मणी नामाचा, दुसरा गाऱ्हाण्याचा. सकाळी डोळे लाल, पण चेहऱ्यावर तपस्विनीचा भाव. मुलगा म्हणाला, ‘‘आई, डॉक्टरला दाखवू या.’’ मी म्हटलं, ‘‘डॉक्टर काय देवापेक्षा मोठा लागून गेला?’’ ती बाई आज मला भेटली, तर कोपऱ्यात घेऊन चांगली सुनावीन तिला.

सून नेहा दिल्लीतच वाढलेली, ऑफिस गुरुग्रामला. नात सई नुकती रांगायला लागली होती आणि नेहाची रजा संपत आली होती. सई दिवसभर माझ्याकडे राहणार असं ठरलेलं होतं. क्वार्टर सुटल्यापासून मला हवीशी वाटणारी तेवढी एकच गोष्ट होती. एका दुपारी तिच्या दुधाच्या बाटल्या उकळायला ठेवल्या आणि मिनिटभर टेकते म्हणून खुर्चीत बसले. पाणी आटलं, बाटल्या वितळल्या, स्वयंपाकघर धुराने भरलं. सई पाळण्यात रडत होती आणि तिची तपस्विनी आजी हातभर अंतरावर मान टाकून बसली होती. नेहा आंघोळीहून धावत आली. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, सईला उचललं. कुणाला काही झालं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘आई, मी सईचं नाव क्रेशमध्ये घालते. तुमची झोप ठीक झाली तर बघू.’’ आवाजसुद्धा चढवला नाही. भांडणाऱ्या सुनेशी भांडता येतं हो, हिच्याशी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी तडक मेट्रो आणि ऑटो करून आर. के. पुरममधल्या आमच्या जुन्या कृष्णाच्या देवळात गेले. म्हटलं, आता समोरासमोर बोलू. इतकी वर्षं आम्ही तिथे संध्याकाळीच जात असू, त्यामुळे दुपारचं ध्यानातच आलं नाही. गाभाऱ्याचं दार बंद. बाहेर पाटी, ‘ठाकुरजी विश्राम में हैं’. मला असा राग आला म्हणता. याला दिवसाढवळ्या झोप लागते आणि मला रात्रीसुद्धा नाही. व्हरांड्यात खांबाला टेकून मी माळ काढली आणि आत ऐकू जाईल अशा बेताने जप सुरू केला.

पलीकडे माझ्याच वयाची एक पंजाबी बाई थर्मासमधला चहा पीत बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘‘बहनजी, धीरे. अभी-अभी सोए हैं.’’ जसं काही तिनेच थोपटून झोपवलं होतं. मी म्हटलं, ‘‘मुझे उनसे ज़रूरी काम है.’’

‘‘तो उठेंगे तब कह देना. सोते को जगाकर कौन काम करवाता है?’’

मीच तर करवून घेत होते. रोज रात्री. स्वतःच शेजारती म्हणून, शाल पांघरवून झोपवलेल्या देवाला मी तासातासाने उठवून विचारत होते की मला झोप का नाही. माळ पिशवीत ठेवली. आता करण्यासारखं काहीच नव्हतं. जप नाही, मागणं नाही. दुसऱ्या कुणाची तरी झोप पुरी व्हायची वाट बघत, आवाज न करता बसायचं. थंडीचे दिवस होते, पायांवर ऊन आलं होतं.

जाग आली ती घंटेने. दार उघडलं होतं. माझ्या डोक्याखाली कुणाचं तरी स्वेटर घडी करून ठेवलेलं, अंगावर शाल. ती बाई शेजारी माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, ‘‘पर्स खुली छोड़कर सो गईं आप. आपके चक्कर में मेरी बस भी गई.’’ मी आत दर्शनाला गेले आणि काय मागायला आले होते तेच आठवेना. नुसते हात जोडले.

थंडीतलं ऊन आणि कित्येक रात्रींचा शीण, कुणालाही झोप लागली असती. असेलही. मी वाद घालत नाही. पण त्या बाईला तिथे कुणी बसवलं आणि तिची बस कुणी चुकवली, हे मी माझ्यापुरतं जाणते.

त्या रात्रीपासून शेजारती झाल्यावर ओढलेला पडदा मी पुन्हा उघडला नाही. झोप आली नाही तर घरात कुणी झोपलेलं असताना पडून राहावं तशी पडून राहायची. डॉक्टरकडेही गेले. त्यांनी संध्याकाळचा चहा बंद केला आणि रोज एकाच वेळी उठायला सांगितलं. तेही निमूटपणे केलं. मंडळात खरं सांगितलं, तेव्हा दोघीतिघींचा चांगलाच हिरमोड झाला. झोप एका दिवसात आली नाही. काही रात्री अजूनही कोरड्या जातात. पण ह्यांच्या ऑफिसात चार्ज देणं म्हणत ना, किल्ल्या दुसऱ्याच्या हातात ठेवल्या की मागे वळून कपाट तपासायचं नाही, ते मला इतक्या उशिरा कळलं. दिवस संपला की तो देवाला द्यायचा आणि बाजूला व्हायचं. आपण जागं राहिलो म्हणून त्याचं काही अडत नाही. हे त्याने मला न रागावता शिकवलं, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

नेहाची रजा संपायच्या आधीच्या रविवारी मी सईला खिमट भरवत होते. नेहा चहाचा कप घेऊन समोर बसली आणि म्हणाली, ‘‘आई, क्रेशवाल्यांना मी नाही म्हणून कळवलंय, सई उद्यापासून तुमच्याकडे. आणि रात्री तुमच्या खोलीचं दार जरा लावून घेत जा ना, सच्ची, किती घोरता तुम्ही.’’