तारीखबाबूंचा दसरा

सतरा वर्षं मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आहे आणि सतरा वर्षं मुलांना एकच गोष्ट ओरडून सांगते आहे: पडद्यावर काय लिहून आलंय ते आधी वाचा, मग बटण दाबा. हे आधीच कबूल करून टाकते. पुढची फजिती ऐकताना कुणीतरी मला हे सुनावणारच, तर मीच सुनावलेलं बरं.

रमाकांतकाका वझे आमच्या शेजारचे, फूलबागेच्या मागच्या गल्लीतले. वय शहात्तर. आजोबा दरबारचे पुरोहित होते, पण काकांनी वीस वर्षं बिर्ला नगरच्या मिलमध्ये हजेरीपट सांभाळला. तिथे त्यांना सगळे ‘तारीखबाबू’ म्हणत आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. आदल्या दिवशीची हजेरी लावा म्हणून कुणी कितीही हातापाया पडलं तरी काकांची लेखणी मागच्या तारखेवर जायची नाही. एकदा एक विणकर घरी येऊन रडला, तेव्हा सुनंदाकाकूंनी त्यांना चांगलंच झापलं होतं, “एक दिवस मागे लिहिलं तर आभाळ कोसळणार आहे का?” काका म्हणाले, “कोसळेल.” काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. ही गोष्ट काकूच आम्हाला हसत हसत सांगायच्या.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं होत आली. वसुबारसेच्या सकाळी गेल्या, रांगोळीचा डबा हातात असताना. गेल्या दिवाळीत वर्षश्राद्ध झालं, आणि या भाद्रपदात त्यांची पहिली अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या त्या दिवशी मुलाने करायचं असतं. मुलगा अंबरीश सिंगापूरला असतो. त्याने तिथे बसून करायचं आणि काकांनी इथून आजोबांच्या हस्तलिखित पोथीतून सांगायचं, असं ठरलं होतं. गुरुजी बोलवू या, असं मी सुचवून पाहिलं. काका म्हणाले, “जन्मभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या लिहिल्या. हिचं तरी मीच सांगीन.”

अडचण डोळ्यांची होती. काकांच्या डोळ्यामागचा पडदा खराब झालाय. मोबाइलवर अक्षर मोठं केलं तर एका वेळी दीड अक्षर दिसतं. म्हणून अंबरीशने त्यांच्या टेबलावर दिव्यासारखा वाकवता येणारा एक कॅमेरा बसवून दिला होता. खाली पोथी ठेवायची, समोरच्या मोठ्या पडद्यावर तळहाताएवढी अक्षरं उमटतात. तो कॅमेरा म्हणजेच काकांचे डोळे. आणि नेमका भाद्रपद पौर्णिमेला जुना कॉम्प्युटर बसला. अंबरीशने घाईघाईने नवा मागवला, तो तृतीयेला आला. किला गेटजवळच्या दुकानातला सौरव येऊन जोडून गेला. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणली म्हणून गल्लीतल्या लीलाताईंनी नाक मुरडलंच.

शुक्रवारी काकांची हाक आली, “सीमंतिनी, जरा येऊन बघ गं. पोथी दिसतच नाहीये, काहीतरी गडबड होऊन गेली आहे.”

मी ऐटीत गेले. पडद्यावर पोथीऐवजी काकांची हनुवटी दिसत होती, तळहाताएवढ्या अक्षरांच्या जागी तळहाताएवढी दाढीची खुंटं. नव्या पडद्याच्या कपाळावर त्याचा स्वतःचा कॅमेरा होता आणि मशीन त्यालाच धरून बसलं होतं. दोन कॅमेरे, एक खुर्ची. मी हनुवटीवाला बंद केला. हनुवटी गेली, पण पोथी आली नाही. शिवाय माइकही मुका झाला. कॅमेरा बंद केल्यावर माइकने का रुसावं? मी कॅमेरा परत चालू केला, तर आता हनुवटीही येईना.

शनिवारी मी जुन्या सीडीवरचा ड्रायव्हर टाकला. म्हणजे ते छोटं सॉफ्टवेअर, जे मशीनला कॅमेऱ्याची ओळख करून देतं. मशीनने कॅमेरा ओळखला, आणि ओळखला तो प्रिंटर म्हणून! मी तो काढला, वायर दुसऱ्या भोकात लावली, तिसऱ्या भोकात लावली, मशीन बंद करून चालू केलं, परत बंद केलं. एकदा क्षणभर पोथीचा कोपरा दिसला. मी आनंदाने ओरडले आणि तो गेला. काय केल्याने आला आणि काय केल्याने गेला, देव जाणे. काका शांतपणे शेजारी बसून होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

रविवारी माझ्या लॅपटॉपवर कंपनीचा अगदी नवा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर आणला. तो टाकला की एक खिडकी यायची, त्यात सहीबद्दल काहीतरी असायचं आणि सगळं गुंडाळलं जायचं. कसली सही? मी चिडून ती खिडकी बंद करत राहिले, नऊ वेळा. लॅपटॉपला तोच कॅमेरा लावला तर पोथी लखलखीत दिसली. म्हणजे कॅमेरा ठीक, ड्रायव्हर ठीक. मग बिघडलंय काय? तो लॅपटॉपच काकांना द्यावा तर त्याचा पडदा वीतभर, काकांना त्यात काही दिसेना. मोठा पडदा जोडावा तर वायरची तोंडं जुळेनात.

“तुझ्याच्याने नाही होत तर राहू दे,” काका म्हणाले. “मी आठवेल तेवढं सांगीन.”

“आठवेल तेवढं?”

“अर्धं तर येईलच.”

मला रडू फुटायचं बाकी होतं. काकूंच्या पहिल्या नवमीला अर्धं श्राद्ध, आणि तेही माझ्यामुळे.

सोमवारी, नवमीच्या सकाळी आठला मी पुन्हा तिथे. साडेदहाला अंबरीशचं तिकडे सुरू व्हायचं होतं. दहाव्यांदा ती खिडकी आली, आणि माझा हात बंद करायला गेला तेवढ्यात स्वतःचाच शाळेतला आवाज कानात घुमला. मी पहिल्यांदा ती नीट वाचली. ड्रायव्हरवर कंपनीने केलेली सही अजून लागू झालेली नाही, असं तिचं म्हणणं होतं. अजून म्हणजे कधी? मी काल त्याच मशीनवर बनवलेलं फोल्डर उघडून तारीख बघितली. अठ्ठावीस ऑक्टोबर. आणि वर्ष दोन वर्षांपूर्वीचं!

वेळ बरोबर, तारीख मात्र साफ चुकलेली. खालची पट्टी सौरवने लपवून ठेवली होती, अक्षरांना पूर्ण पडदा मिळावा म्हणून, त्यामुळे तारीख कधी नजरेला पडलीच नव्हती. ड्रायव्हर होता या वर्षीचा. मशीनच्या हिशेबाने तो अजून जन्मायचा होता. न जन्मलेल्याची सही कोण मानेल?

मी सौरवला फोन लावला आणि त्याला पार फाडून खाल्लं. तो पन्नाशीचा, टकला, एरवी माझ्याशी नमून बोलणारा. तो म्हणाला, “मैडम, हमने कहाँ किया! अंकलजी ने ही तारीख डलवाई थी। बोले, कनागत में नया सामान शुरू नहीं करते, दशहरे की डाल दो। अपने आप ठीक न हो जाए, वो भी बंद करवाया।”

कनागत म्हणजे पितृपक्ष. मी काकांकडे वळले. तीन दिवसांचा राग तोंडात आला होता.

“काका, तुम्ही तारीख बदलवली?”

“हो. दसरा साडेतीन मुहूर्तांतला. मशीनला काय कळतं, कधी सुरू झालं ते.”

“त्यालाच तर सगळं कळतं! तीन दिवस मी वेड्यासारखी वायरी उपसते आहे, आणि तुम्ही? तारीखबाबू? आणि दसराच हवा होता तर गेल्या वर्षीचा होता की. दोन वर्षांपूर्वीचा कशाला?”

पोथीवरचं फडकं काकांनी उगीचच नीट केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या दसऱ्याला हिने जुन्या मशीनची पूजा केली होती. कुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं. मी ओरडलो होतो, आत काही पडेल म्हणून.”

मी हातातला फोन टेबलावर ठेवला.

“आज तिथे किती तारीख?” त्यांनी विचारलं.

“एकोणतीस ऑक्टोबर.”

“म्हणजे वसुबारसेला अजून अकरा दिवस आहेत,” काका म्हणाले. त्यांना मोजावं लागलं नाही. “तीच म्हणायची ना, एक दिवस मागे लिहिलं तर काय होतं. मी म्हटलं, बघू या लिहून. वाईट नाही वाटलं गं. सकाळी उठून मशीन चालू करायचो, आणि आपलं बरं वाटायचं.”

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. साडेनऊ वाजून गेले होते. मी विचारलं, “काका, काय करू?”

“तारीख न बदलता नाही का होणार?”

“नाही.”

त्यांनी पोथीवरचं फडकं काढून त्याची घडी घातली. मग म्हणाले, “मग बदल.”

मी आजची तारीख घातली. ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला, कुरकूरसुद्धा केली नाही. पडद्यावर आजोबांची अक्षरं तळहाताएवढी उभी राहिली, शाई कुठे फुटली आहे तेसुद्धा दिसत होतं. मोबाइलवर अंबरीश आला. सोवळं नेसलेला, समोर ताट, दर्भ.

काकांनी संकल्प सांगायला घेतला. आवाज खणखणीत. अंबरीश मागून म्हणत होता. आणि मध्येच काका थांबले. पुन्हा गेलं की काय? मी पडद्याकडे पाहिलं तर सगळं लख्ख होतं. तिथे लिहिलं होतं, ‘अमुकमासे, अमुकपक्षे, अमुकतिथौ’. पोथी शंभर वर्षांपूर्वीची, तिला आजचा दिवस कुठून ठाऊक असणार. तो सांगणाऱ्याने आपल्या तोंडाने घालायचा असतो.

“बाबा? आवाज येत नाहीये,” अंबरीश म्हणाला. “नेट गया क्या?”

“नेट आहे,” काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “भाद्रपदे मासे, कृष्णपक्षे, नवम्यां तिथौ. म्हण.”

अंबरीशने म्हटलं. काकांनी ते त्याच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं.