एका फाइलीचा सुभेदार

ग्रोझदान पेत्कोव्हच्या लेखी जगात एक तो स्वतः होता आणि बाकीचे सगळे नुसते वापरकर्ते. बल्गेरियातल्या रोडोपी पर्वतातल्या आमच्या डोंगरी गावात तो फोन दुरुस्त करायचा, पण ते पोटापुरतं. खरा मान त्याला हवा होता तो त्याने लिहिलेल्या स्क्रिप्टसाठी, म्हणजे एका छोट्या प्रोग्रामसाठी. सर्व्हरवर ठेवलेल्या फाइली ती ब्राउझरमध्ये दाखवी: नाव, आकार, तारीख, आणि पुढे 'पूस' अशी लिंक. सगळा कारभार एकाच फाइलीत बसवलाय, हे राकिया दारूचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत तो समोरच्याला ऐकवी. अधूनमधून नवी आवृत्ती काढी आणि आधी धड चालणारं काहीतरी तीत हमखास मोडून ठेवी. जगात ती कोण वापरतं देव जाणे. गावात एकटी स्तांका वापरी, वाचनालय सांभाळणारी.

स्तांकाने घरोघर हिंडून म्हाताऱ्या बायकांची गाणी फोनवर रेकॉर्ड केली होती. फोन भरला तेव्हा ग्रोझदाननेच फर्मावलं, "सर्व्हरवर चढव आणि फोनवरची काढून टाक. माझ्याकडे काही हरवत नाही." तिने बिचारीने तसंच केलं. मग एकदा भीत भीत म्हणाली, "अरे, त्या 'पूस'वर माझं बोट चुकून पडेल रे. पुसायच्या आधी 'पुसू का?' असं एकदा विचारू दे की तुझ्या स्क्रिप्टला."

"स्तांकाताई, पुसणाऱ्याला कळायला नको? बोट ताब्यात नसेल तर चष्मा बदल."

"मग निदान एखादी प्रत तरी..."

"प्रती भित्र्यांनी ठेवायच्या."

एवढं बोलून हा दीडशहाणा स्वतःच्याच विनोदावर हसला.

पुढे वेलिका आजी गेली. गावात तिच्यासारखं कुणी गात नसे. तिची मुलगी नेवेना स्पेनमध्ये दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करत होती. तिला मातीला पोचता आलं नाही. स्तांकाने फोनवर सांगितलं, आईचं गाणं आहे माझ्याकडे, पाठवते.

"नको गं," नेवेना म्हणाली, "इथे एकटीने नाही ऐकवणार मला. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला येते, सगळ्यांत बसून ऐकते."

चाळिसाव्याला गाव जमणार, स्क्रिप्ट सगळ्यांसमोर चालणार, हे कळताच ग्रोझदानला स्फुरण चढलं. त्याने नवी आवृत्ती काढली आणि पासवर्डच काढून टाकला. "लोकांची गाणी, त्यांना कुलूप कशाला?" असं म्हणून त्याने पत्ता गावाच्या वेबसाइटवर लावलासुद्धा.

त्या पत्त्यावर पहिलं कोण आलं? माणूस नव्हे, शोधयंत्राचा, म्हणजे सर्च इंजिनचा, फिरता प्रोग्राम. पानावर दिसेल ती प्रत्येक लिंक उघडायची, एवढंच त्याचं काम. प्रत्येक गाण्यापुढे 'पूस' ही लिंक होतीच. त्याने ती इमानेइतबारे एकेक करून उघडली, आणि स्क्रिप्टने काही न विचारता एकेक गाणं पुसलं. पुसण्याचं काम असं उघड्या लिंकवर टांगू नये, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण ग्रोझदानला कोण सांगणार?

चाळिसाव्याला वाचनालयाच्या दालनात उकडलेले गोड गहू वाटून झाले. स्तांकाने स्पीकर लावला, पान उघडलं. फोल्डर रिकामा होता. ग्रोझदानला पुढे बोलावलं. त्याने सर्व्हरच्या नोंदी चाळल्या आणि त्याचा चेहरा, खरं सांगतो, खुलला.

"स्क्रिप्टमध्ये दोष नाही!" तो भरल्या दालनाला म्हणाला. "तिला पुसायला सांगितलं, तिने पुसलं. चूक त्या प्रोग्रामची. पुढच्या आवृत्तीत विचारायची सोय करतो."

स्तांका खुर्चीत बसून रडायला लागली. नेवेना मात्र उठून त्याच्याजवळ आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला ऐकवेना.

"भाऊ, राहू दे ते. एवढे दिवस गाणं तुझ्याकडेच होतं ना? तू ऐकलं असशील. कशी गायली होती माझी आई? दम लागत होता का तिला?"

ग्रोझदानने नोंदींत तिच्या आईच्या गाण्याची ओळ शोधली. त्या फोल्डरातली एकही फाइल त्याने कधी उघडली नव्हती.

"चौदा एमबी होतं," तो म्हणाला.