होसियतचा उलटा टोमॅटो

होसियत आमच्या डोक्यावर राहते. म्हणजे आम्ही सहाव्या मजल्यावर, ती सातव्या. तिने झाडं लावून टांगलेल्या बाटल्यांचं पाणी उन्हाळाभर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकलं आणि उन्हाळाभर मी तिच्याशी भांडले. भांडायलाही आता पूर्वीसारखा जोर राहिलेला नाही म्हणा.

दुशान्बे शहराच्या जुन्या वस्तीत तिचं अंगणाचं घर होतं. उंच इमारती बांधायच्या म्हणून वस्ती पाडली आणि बदल्यात हिला आभाळाला टेकलेल्या दोन खोल्या मिळाल्या. नवरा रशियात बांधकामावर, दुसऱ्यांची घरं बांधतोय. पाडायला यंत्र आलं त्या सकाळी शेजारणी भांडीकुंडी आवरत होत्या, तर ही पिठाच्या पोत्यात अंगणातली माती भरत बसली होती. रुमालाच्या गाठीत सासूने जपलेलं टोमॅटोचं बी होतं. गुलाबी, तळहाताएवढा टोमॅटो व्हायचा त्यांच्याकडे. बाजारात तसा मिळत नाही.

इथे जमीन कुठली? मग तिने लग्नाच्या हॉलमागे टाकलेल्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या गोळा केल्या. बाटलीचं बूड कापायचं, तापवलेल्या खिळ्याने कडेला भोकं पाडायची, तार ओवून बाटली उलटी टांगायची. रोप बाटलीच्या तोंडातून उलटं खाली काढायचं, मुळाशी जुन्या गादीचा स्पंज दाबायचा आणि वरून माती भरायची. उन्हात मुळं शिजू नयेत म्हणून बाहेरून फाटक्या पायजम्याचं कापड गुंडाळायचं. एकीत काकडी, एकीत कांद्याची पात, आणि गॅलरीच्या कठड्याबाहेर लोंबणाऱ्या बाटलीत सासूचा टोमॅटो. बी जुनं झालेलं, तेवढं एकच रोप जगलं.

आमच्या इमारतीत नळाला पाणी सहसा वर चढत नाही आणि लिफ्ट बंदच असते. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात कढया घासून आली की ही बाई खालून बादल्या वर न्यायची. माझ्या दाराशी टेकायची. मला ती अपा म्हणते, म्हणजे ताई.

"अगं, चार टोमॅटो विकत घे ना," मी म्हणायचे. "कशाला जिवाचे हाल?"

"अपा, खायला नकोय मला. बी धरायचंय. हे गेलं की त्या घरातलं काहीच उरत नाही."

"आणि माझ्या चादरी?"

"त्या धुतल्या जातात की फुकटात," म्हणायची, आणि बादली उचलायची.

कडक उन्हाने फुलं गळली. एकच फळ धरलं, आणि तेही वेलासारख्या वाढलेल्या फांदीला लोंबत लोंबत नेमकं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आलं. माझी सून निगोरा गरोदर. फळ गुलाबी व्हायला लागलं तशी ती खिडकीशी उभी राहायला लागली. मी पडदा ओढला, तिला दटावलं. पण होसियतने एकदा वरून वाकून पाहिलं, तेवढं पुरलं.

फळ पुरतं पिकलं तशी होसियत ते ताटात घालून खाली आली.

"परत ने ते!" मी दारातच म्हटलं.

"नजर गेली ना तिची, अपा. आता माझ्या घशाखाली उतरेल का?"

"निदान चिरून बी काढून घे."

"हातचं राखून डोहाळे पुरवतात का कुणी?" मग हळूच म्हणाली, "खाताना ताटात सांडलं तर सांडलं. तिला मात्र सांगू नका. पोटुशीच्या घासाला अट नको."

निगोराने चिरायचीही वाट पाहिली नाही. दोन्ही हातांनी धरून खाल्ला, रस कोपरापर्यंत ओघळला. आम्ही दोघी हिरव्या चहाचे पियाले धरून उगाच भिंतीकडे बघत होतो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मात्र ताटच दिसत होतं. ताटाच्या तळाला रस साचला होता आणि त्यात बिया होत्या. चांगल्या दहा-बारा तरी असतील. होसियतने मला गुडघ्याने ढोसलं. इतके महिने तिला पाहतेय, पण तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

"आणखी एक पियाला घे," मी म्हटलं. निगोरा हात धुवायला आत गेली.

आणि आतून नळाचा आवाज आला. एरवी त्या आवाजाला आम्ही घागरी, पातेली घेऊन धावतो. मी किटली धरून तशीच बसले. काही क्षण मला कळलंच नाही, की ताट जागेवर नाही.

निगोरा बाहेर आली ती हसत. "आई, पाणी आलंय!" हातात ताट, घासून लख्ख, कोरडं पुसलेलं. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून वर खडीसाखर मांडलेली. असंच शिकवलंय तिला. मीच शिकवलंय.

मला रडू आलं. तोंड उघडणार, तेवढ्यात होसियतने माझा हात दाबला. ताट घेतलं, खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकला. "गुणाची आहे सून तुमची," म्हणाली. मग उठता उठता पुन्हा खाली बसली. "थोडी बसते, अपा. आज जिना चढवत नाही."

चहा गार होईपर्यंत बसली. मग ताट घेऊन वर गेली.

संध्याकाळी मी चादरी वाळत घातल्या होत्या. वरून ठिबक सुरू झालं. त्या रिकाम्या, सुकत चाललेल्या झाडाला ती पाणी घालत होती. थंडी पडायला अजून अवकाश होता, एखादं फळ धरलं तर धरलं.

मी चादरी काढल्या नाहीत.