राबिया आपांनी स्वतः सांगितलेली गोष्ट

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी दुबईत देऱ्यातल्या आमच्या ऑफिसात शिपमेंटची कागदपत्रं तपासत होते. फोनवर राबिया आपांच्या मुलीचं, सनाचं नाव दिसलं. सना मला कधीच फोन करत नसे. "आंटी, मम्मी इज नो मोअर," ती म्हणाली. राबिया आपा चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. टॅक्सीने शारजाला जाताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता, मायलेकी शेवटी बोलल्या होत्या की नाही? चार महिने सना आईशी कामापुरतंच बोलत होती. आणि त्या अबोल्याची सुरुवात कुठेतरी माझ्या एका प्रश्नापासून झाली होती. दीड महिना होत आला, तरी ती धाकधूक गेलेली नाही.

शारजातल्या अल मजाजच्या एकाच इमारतीत आम्ही चौदा वर्षं राहिलो, त्या सातव्या मजल्यावर, मी चौथ्या. आपा मूळच्या रायगडातल्या, मुरुडजवळच्या एका गावच्या. लग्न होऊन इथे आल्या आणि एका शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान बशीरभाई रत्नागिरीचे, बोटींच्या सुट्या भागांच्या दुकानात मॅनेजर. निवृत्तीनंतर बायका मक्केला उमराहला जातात, नातवंडांची वाट बघतात. आपांनी भारतातल्या एका विद्यापीठात पीएचडीला नाव घातलं! विषय ऐकून मी हसलेच होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात लिहिल्या गेलेल्या कथा, आणि त्यांतला वर्ण, लग्न आणि बाईचं स्थान. "मुरुडच्या बाईला कापसाच्या मळ्यांतल्या मडमांशी काय करायचंय?" असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू टाईप कर गो नुसतं. कळेल." त्या हाताने लिहायच्या आणि दर शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसून टाईप करायचे.

टाईप करता करता मलाही त्या कथांचं वेड लागलं. गुलामीच्या काळातली मोठाली घरं, आणि त्या घरांत बाईची किंमत तिच्या कुळावर ठरलेली. गोरी मालकीण नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही, काळी दाई मालकिणीच्या शब्दाबाहेर नाही. आणि या दोघींच्या मधोमध एखादी अशी, जी गोरी दिसते, गोऱ्याशी लग्न करते, पण जिच्या मागच्या पिढीत कुणीतरी काळं होतं. ते उघडकीला आलं की तिचं घर, नाव, नवरा, सगळं एका दुपारी संपायचं. आपांचं चौथं प्रकरण या बायकांवर होतं आणि ते काही केल्या पुरं होत नव्हतं. एका शनिवारी मी सहज म्हणाले, "आपा, यातली एकही बाई स्वतःहून का नाही हो सांगत? दरवेळी कुठलंतरी पत्र सापडतं, नाहीतर कुणी चहाडी करतं."

आपांनी उठून खोलीचं दार लावलं. परत येऊन खुर्चीवर बसल्या आणि खाली बघत बोलू लागल्या... त्यांच्या आईची आई सिद्दी होती. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कोकणच्या किनाऱ्यावर आलेले ते सिद्दी, जंजिऱ्याचे. आपांच्या लग्नाच्या वेळी आईने बजावलं होतं, नानीबद्दल विचारलं तर एवढंच म्हण, मुरुडकडची होती. सासरचे लोक आपलं कूळ अरबांपर्यंत नेऊन सांगणारे. "सना पोटात होती ना, ते नऊ महिने मी झोपले नाही," आपा म्हणाल्या. "मूल कसं निघेल, केस कसे असतील... नर्सनं तिला माझ्या हातात दिली. गोरी होती, केस सरळ. मी शुकर केला, माधवी. माझी नानी माझ्यात उतरली नाही म्हणून मी अल्लाचे आभार मानले. त्याची लाज अजून जात नाही."

त्याच सुमारास सनाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधला, तिच्याच ऑफिसातला, आईवडील रत्नागिरीचेच. आपांनी ठरवलं की निकाहाच्या आधी मुलाकडच्यांना सांगायचं. मी घाबरले. "आपा, गप्प बसा हो," मी अक्षरशः हात जोडले. "कोण विचारतंय आता? पोरीचा संसार लागू द्या." त्या म्हणाल्या, "विचारलं नाही म्हणून तर मी इतकी वर्षं निभावलं. उद्या हिच्या पोटी नानीसारखं मूल आलं आणि तिथल्या कुणी बोट दाखवलं, तर? तिनं पण नऊ महिने जागायचं?"

आधी त्यांनी सनाला आणि बशीरभाईंना सांगितलं. सना म्हणाली, "सो व्हॉट? जस्ट डोन्ट टेल देम, मम्मी." बशीरभाई काहीच बोलले नाहीत. पण शुक्रवारी नमाजानंतर त्यांनीच गाडी काढली आणि दोघं डिस्कव्हरी गार्डन्सला गेले. मुलाच्या आईने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला आली. "इन्शाल्ला, कळवतो," एवढंच म्हणाली. मग अकरा दिवस आम्ही सगळे फोनकडे बघत होतो. लिफ्टमध्ये आपा दिसल्या की मी भुवया उंचवायचे, त्या मान हलवायच्या. बाराव्या दिवशी निरोप आला. मुलाच्या मामांना बेत पटत नाही, माफी असावी. मुलगा स्वतः एक शब्द बोलला नाही... सना मात्र आईला बोलली. "यू डिड धिस फॉर युवर थीसिस!" आपांनी मला हे सांगितलं आणि विचारलं, "तसं आहे का गो? खरं सांग." मी नाही म्हणाले. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

चौथं प्रकरण नंतर तीन शनिवारांत पुरं झालं. शेवटचं पान टाईप झालं तेव्हा मला वाटलं होतं, आपा खूश होतील. त्या कान देऊन बाहेर ऐकत होत्या. सना बाहेरून आली होती, चपला काढत होती. "जेवलीस का?" त्यांनी हाक मारली. "हो," एवढंच उत्तर आलं. घरात तिघं माणसं होती आणि तिघं तीन खोल्यांत. बशीरभाईंचंही बोलणं आटलं होतं. "ते रागावलेत की दुखावलेत, तेच कळत नाही," आपा म्हणायच्या. "ओरडले असते तर बरं झालं असतं." पुढच्या दोन-अडीच महिन्यांत बाकीचं आटोपून प्रबंध पाठवला आणि दोन आठवड्यांत त्या गेल्या. नंतर सनाने मला सांगितलं की त्या सकाळी आईने तिला चहासाठी हाक मारली होती. तिने ऐकली होती. कानात हेडफोन असल्याचं नाटक केलं होतं.

गेल्या शनिवारी आपांचा चाळिसावा दिवस झाला. रत्नागिरीहून बशीरभाईंची थोरली बहीण आणि दोन पुतणे आले होते. पुरुष हॉलमध्ये बसले होते, आम्ही बायका आतल्या खोलीत, आपांच्या टेबलाला टेकून. दार उघडंच होतं. कुराण वाचून झालं तेव्हा मौलाना म्हणाले की राबियाबीसोबत आणखी ज्यांच्यासाठी दुआ मागायची त्यांची नावं सांगा. बशीरभाईंनी आपांच्या वडिलांचं नाव सांगितलं, मग आईचं. मग थांबले. इतका वेळ थांबले की मौलानांनी दुआसाठी हात उचलले...

"आणि जैनब," बशीरभाई म्हणाले. "राबियाच्या आईची आई. जंजिऱ्याची सिद्दी होती."

माझ्या शेजारी आपांच्या नणंदबाईंच्या हातातली जपाची तस्बीह थांबली. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा ओढून घेतला आणि दाराकडे बघितलं. सना उठून दारात जाऊन उभी राहिली. "डॅड, हू टोल्ड यू हर नेम?"

"मीच विचारलं होतं," ते म्हणाले. "डिस्कव्हरी गार्डन्सहून परत येताना, गाडीत. म्हटलं, तुझ्या नानीचं नाव काय गो? तिनं सांगितलं आणि रडायला लागली. मला वाटलं, आता आणखी काही बोललो तर जास्त रडेल... म्हणून मी गप्प बसलो. मग गप्पच बसलो."

सगळ्यांसमोर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. सना तशीच पुरुषांमध्ये चालत गेली आणि वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिला कुणी अडवलं नाही. मौलानांनी पुन्हा हात उचलले आणि एकेक नाव घेत गेले. जैनब म्हणाले तेव्हा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं आमीन म्हणाली ती सना.