कच्चा लिंबू

खिडकीच्या गजांतून खाली पाहते, तर मुलांची पकडापकडी रंगलेली आणि माझी अकरा वर्षांची ईरा कट्ट्यावर बसून. कोविड होऊन आठ महिने झाले, तरी एक जिना चढली की दिवसभर आडवी होते. सुरुवातीला मीच म्हणायचे, "जरा पळ, बरं वाटेल." माझं ऐकून एकदा पळाली आणि आठवडाभर उठली नाही. आता ती थांबली की मीही थांबते. पण बरं व्हायची तारीखच नसेल, तर थांबणं कुठे संपतं आणि अडकणं कुठे सुरू होतं?

ती वर येताना जिन्यात बसली, तशी मी जाऊन तिच्याशेजारी टेकले. "खेळायला घेतलं का गं?"

"घेतलं. कच्चा लिंबू म्हणून."

"मग छानच की! कोणी आऊट करणार नाही."

"हो," ती दम खात म्हणाली, "पण आई, माझ्यावर राज्यही येणार नाही."