एकेचाळीस इशारे

टीपकाकांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस दारातच अडकायचा. घंटीखाली चिकटवलेला कागद वाचल्याशिवाय ती दाबणं बरं दिसत नसे. 'घंटी एकदाच दाबावी. टीप: आवाज आत येतो, बाहेर ऐकू येत नाही, म्हणून घंटी बिघडली आहे असे समजू नये.' आत गेलं की पंख्याच्या बटणाखाली एक कागद, खिडकीच्या कडीखाली दुसरा. न्हाणीघरात नळाच्या वर: 'डावीकडे गार, उजवीकडे गरम. टीप: तरी आधी बोट लावून पाहावे.'

"माझ्या कपाळावर तेवढी चिकटवायची राहिलीय," काकू पाहुण्यांना सांगायच्या.

"तुझ्याबद्दल अजून खात्रीलायक माहिती हाती आलेली नाही," काका गंभीर चेहऱ्याने म्हणायचे.

काकांची नोकरीच ती होती. ज्या कारखान्यात ते कामाला होते, तिथे दवाखान्यांसाठी ऑटोक्लेव्ह बनत. कात्र्या, चिमटे, कापडं दाबाच्या वाफेत निर्जंतुक करणारं हे यंत्र म्हणजे प्रेशर कुकरचा शिकलेला थोरला भाऊ. त्या यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका जाते, ती काका लिहीत. एकोणतीस वर्षं लिहीत होते आणि ती कुणी वाचत नाही हे दुःख एकोणतीस वर्षं उराशी बाळगून होते. एका दवाखान्यात त्यांनी आपली पुस्तिका टेबलाच्या लंगड्या पायाखाली घडी घालून बसवलेली पाहिली होती. टेबल डुगडुगत नव्हतं, तेवढंच समाधान. मग एकदा वैतागून त्यांनी देखभालीच्या प्रकरणात, गाळणी धुण्याच्या सूचनेखाली, एक वाक्य घुसवून दिलं: 'हे वाक्य वाचणाऱ्याने खालील क्रमांकावर फोन करावा, लेखकाला आनंद होईल.' अकरा वर्षांत फोन आला नाही. छापण्यापूर्वी पुस्तिका तपासून सही करणाऱ्या साहेबांचासुद्धा नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना साहेबांनी फर्मान काढलं: कागदी पुस्तिका बंद, सगळं वेबसाइटवर. यंत्रावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र चिकटवायचं. फोन त्याच्यासमोर धरला की पुस्तिका उघडली पाहिजे. काका हादरले. मग वेबसाइटी बनवण्याचाच धंदा करणारी त्यांची भाची एका दुपारी मदतीला आली.

"मामा, तू घाबरतोस काय असा? तू फक्त साध्या फाइलींत मजकूर लिहायचा. एक आज्ञा दिली की त्याची पानं तयार होतात. ती दिसायची कशी, हे थीम ठरवते. कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. रंग, अक्षरं, डावीकडची अनुक्रमणिका, सगळं तयार."

"म्हणजे शिवलेला कोट."

"हो, आणि नीट ऐक. थीम करणारे अधूनमधून नवी आवृत्ती देतात. ती घेतली की जुनी पुसली जाते आणि नवी तिच्या जागी बसते. म्हणून थीमच्या फोल्डरला हात लावायचा नाही. काही बदलायचं असलं तर ती फाइल आपल्या फोल्डरात उतरवून घ्यायची आणि तिथे बदलायची. भाड्याच्या घरात कुणी भिंत फोडत नाही, आपलं कपाट आणून ठेवतात. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले. त्यांचे वाचक हे ज्या सुरात म्हणत असतील, त्याच सुरात.

थीम करणाऱ्यांनी आपली लिपी जन्मात पाहिली नसावी. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत गुंतत होते, बसायला जागा नसलेल्या पाहुण्यांसारखे. भाचीने ओळींमधली जागा वाढवली, 'पुढे', 'मागे', 'शोधा' असे शब्द बसवले आणि ते सगळं शहाण्या मुलीसारखं आपल्या फोल्डरात ठेवलं. दोन महिन्यांत काकांनी सगळ्या पुस्तिका त्यात उतरवल्या. गाळणीखालचं ते वाक्यसुद्धा. पान फोनवर उघडून ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. म्हातारपणी नवे दात बसवलेल्या माणसाला आरसा सोडवत नाही, त्यातलाच प्रकार.

एक गोष्ट मात्र त्यांना खुपत होती. थीमकडे चौकटी तीनच: निळी 'टीप', हिरवी 'सूचना', पिवळी 'सावधान'. कारखान्याचं सगळ्यात छोटं मॉडेल पिवळ्यावर भागणारं नव्हतं. मोठ्या यंत्रांचं दार आत दाब असेपर्यंत उघडतच नाही, पण छोट्याला तशी कडी नव्हती. तिथे माणसाला अडवणारं होतं फक्त काकांचं वाक्य. कागदी पुस्तिकेत ते लाल शाईत छापलेलं असे.

एका रविवारी काका एकटेच बसले. थीमबरोबर तिची स्वतःची माहितीपुस्तिका होती. लांबलचक होती. काकांनी वरवर नजर फिरवली, 'असेल काहीतरी नेहमीचं' असं मनाशी म्हटलं आणि थेट थीमच्या फोल्डरात शिरले. तीन चौकटी जिथे घडवल्या होत्या ती फाइल त्यांना सापडली. तिथेच, तिसरीच्या खाली, त्यांनी चौथी घडवली. आज्ञा दिली. पानावर लालभडक चौकट उमटली: 'धोका'.

"अगं, इकडे ये. बघ!"

काकू ओले हात पदराला पुसत आल्या. "छान आहे. लाल आहे."

"नुसती लाल काय म्हणतेस? कुणाचा तरी हात वाचेल याने."

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या पुस्तिकांमध्ये मिळून एकेचाळीस ठिकाणी ती चौकट बसवली.

पुढे थीमची नवी आवृत्ती आली. जुनीत शोधायची खिडकी नीट चालत नव्हती, नवीत ती दुरुस्त केली होती. काकांनी आवृत्ती घेतली, पानं पुन्हा तयार करायची आज्ञा दिली. पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटी हिरव्या अक्षरांत आलं: 'तयार'. काकांनी पहिलं पान उघडून पाहिलं. ओळींमधली जागा होती तशी, शब्द होते तसे, शोधायची खिडकीही चालू. नवी पानं चढवून ते चहाला उठले.

त्या 'तयार'च्या डोक्यावर एक पिवळी ओळ होती. 'इशारे: ४१.'

त्यानंतर अकरा दिवसांनी तक्रार विभागातल्या बाई एका दवाखान्याचं पत्र घेऊन आल्या. छोट्या मॉडेलचं दार उघडताना वाफ अंगावर येऊन तिथल्या एका मदतनीस बाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्या मदतनीस बाई कामावर नव्या होत्या. 'आम्ही ही गोष्ट निष्काळजीपणाची धरत आहोत,' पत्रात होतं. 'त्या स्वतः म्हणतात की आपल्या वेबसाइटवरील पान पाहून, पायरीपायरीने काम केले. आपल्या पुस्तिकेत याबाबत स्पष्ट सूचना असल्याचे लेखी कळवावे, म्हणजे त्यांना कामावरून कमी करण्याचा निर्णय घेता येईल.'

"साहेब म्हणाले, उत्तर तुम्हीच लिहा," बाई म्हणाल्या. "चार ओळींचं तर काम आहे."

"लिहितो की. लाल चौकटीत आहे आपल्याकडे, ठसठशीत."

चौकटीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवावं म्हणून काकांनी पान उघडलं. तिसरी पायरी: 'चक्र संपल्याची घंटा वाजेपर्यंत थांबा.' तिच्या लगेच खाली चौथी: 'दाराचे चाक डावीकडे फिरवून दार उघडा.' मध्ये काही नव्हतं. काकांनी चष्मा पुसला. पान पुन्हा उघडलं. मध्ये 'दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय दाराला हात लावू नका' असायला हवं होतं. तिथे नुसती पांढरी जागा होती, भाचीने प्रेमाने वाढवून दिलेली.

त्यांनी भाचीला फोन लावला.

"मामा, ती लाल चौकट तू कुठे केली होतीस?"

"तिथेच. बाकीच्या तिघींच्या खाली."

"थीमच्या फोल्डरात?"

"हो."

"अरे मामा... नव्या आवृत्तीने ती पुसली. तुझा मजकूर फाइलीत आहे, पण 'धोका' म्हणजे काय हे थीमला माहीतच नाही. मग ती ते गाळून पुढे जाते. आणि तसं सांगतेही. तयार करताना इशारा दिला असेल बघ तिने."

"बघितला नाही मी."

"आणि त्यांच्या माहितीपुस्तिकेत तर पहिल्याच पानावर लिहिलंय. चौकटीत."

भाचीने फोनवरूनच पायऱ्या सांगितल्या, काकांनी प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणून दाखवली आणि तासाभरात एकेचाळीस चौकटी आपल्या जागी परत आल्या. मग ते साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आपल्या फोनवर पान उघडून पाहिलं.

"आहे की लाल चौकट."

"आत्ता आहे, साहेब. त्या दिवशी नव्हती."

"त्या दिवशीचं कुणी विचारलंय? पुस्तिकेत सूचना आहे का, एवढंच विचारलंय. आहे. लिहा आणि पाठवा. अहो, तुम्ही निवृत्तीला आलात. शेवटचं वर्ष आनंदात काढा ना."

"त्या बाईंची नोकरी जाईल."

"तिला दुसरी मिळेल. तुम्हाला मिळणार आहे का?"

काका 'उद्या देतो' म्हणून बाहेर आले.

घरी येऊन त्यांनी घंटी दोनदा दाबली. काकूंना तिथेच कळलं, काहीतरी बिनसलंय. जेवण ताटात निवलं. बऱ्याच वेळाने काकांनी एकेक करून सगळं सांगितलं. काकूंनी मध्ये तोंड घातलं नाही, हेही त्या घरात नवीनच.

"इतकी वर्षं घसा फोडत होतात," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "कुणी वाचत नाही, कुणी वाचत नाही. वाचलं हो एका बाईने."

काकांनी मान खाली घातली. काकूंना वाटलं, उगाच बोलले.

मग काकांनी कोरा कागद घेतला. कंपनीचं नाव छापलेला नव्हे, साधा. दुसरं काही लिहिता येत नसल्यामुळे त्यांनी ते पत्रही पायऱ्यांनी लिहिलं. एक, चौथ्या पायरीआधीची धोक्याची सूचना अकरा दिवस पानावर नव्हती. दोन, ती माझ्या चुकीने गेली. तीन, संगणक प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवतो; त्या दिवशीचं पान सोबत जोडलं आहे. चार, भाजल्याची तारीख त्या अकरा दिवसांत येते. खाली सही केली.

काकूंनी कागद ओढून घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचं लिखाण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"टीप राहिली," त्या म्हणाल्या.

काकांनी कागद परत घेतला. बराच विचार करून लिहिलं: 'टीप: या बाईंनी पुस्तिका शब्दशः पाळली आहे. असे करणारी दुसरी व्यक्ती मला एकोणतीस वर्षांत भेटलेली नाही.'

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते दवाखान्यात गेले. मेट्रनच्या खोलीबाहेर बाकावर एक पस्तिशीची बाई बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, डाव्या हाताने पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"दुखतंय का फार?"

"आता कमी आहे. तुम्ही कोण?"

"ते पान... मी लिहिलंय."

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. काका आता काहीही ऐकून घ्यायच्या तयारीने बसले होते.

"तुम्ही होय? छान लिहिता," ती म्हणाली. "मी आदल्या दिवशी घरी सगळं वाचून काढलं होतं. नवीन काम, म्हटलं चूक नको. ते गाळणीखाली फोन करा म्हणून लिहिलंय ना, तेही वाचलं. हसले मी. म्हटलं, पहिला घाणा नीट निघू दे, सामान बाहेर काढते, मग निवांत फोन करते." तिने पट्टीकडे पाहिलं. "काटा वर दिसत होता हो. पण म्हटलं, लिहिणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार."

"माझी चूक आहे," काका म्हणाले. "तेच सांगायला आलोय."

तेवढ्यात तिला आत बोलावणं आलं. काका तिच्या आधी उठले.

मेट्रन टेबलावरच्या कागदांत बुडाल्या होत्या. "कंपनीकडून ना? ठेवा त्या ट्रेमध्ये. सूचना आहे असंच लिहिलंय ना?"

"मी कंपनीकडून आलेलो नाही. लिहिणारा म्हणून आलोय. वाचा, बाई."

"वाचते हो नंतर."

"नंतर कुणी वाचत नाही," काका म्हणाले. "मला अनुभव आहे. मीही नंतरच वाचणार होतो. तुम्ही आत्ता वाचा. मी बसतो."

न विचारताच त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मेट्रननी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून बाहेरच्या बाकाकडे, आणि नाइलाजाने चष्मा चढवला. त्यांचं बोट पहिल्या पायरीवर टेकलं. दुसरीवर आलं. तिसरीवरून झरकन पुढे निघालं, थबकलं, आणि परत पहिलीवर जाऊन हळूहळू खाली येऊ लागलं.

काका त्या बोटावरून नजर हलवत नव्हते. अजून टीप यायची होती.