डोंगरवाडीतलं लाइफ जॅकेट

निवृत्तीनंतर मी होडीतल्या सुरक्षेचा प्रचार करणाऱ्या स्वयंसेवकांत सामील झालो. मला पोहता येत नव्हतं, पण भाषण येत होतं. दासगावला खाडीकाठी आम्ही मंडप घातला, तर ऐकायला कुणीच फिरकलं नाही. अहवालासाठी गर्दी हवीच, म्हणून आमच्या प्रमुखांनी पुढचा कार्यक्रम पोलादपूरच्या एका डोंगरवाडीत ठेवला. तिथे होडी सोडा, डबकंही नव्हतं. तरी सगळी वाडी जमली. शेळ्या सोडून आलेल्या एका आजींनी जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे दोनदा बांधून पाहिले.

महिन्याभराने त्यांचा फोन आला.

"मास्तर, मुंबयचा पोरगा होडीतनं फिरवायला घेऊन गेलता. होडीवाला म्हणतो, जाकीट नाय लागत. मी म्हटलं, मंग मी बसत नाय. जाकिटं त्याच्याच बुडाखाली व्हती! समद्यांना घालायला लावली."

मी ते लगेच अहवालासाठी टिपून घेतलं.

"आता वणवा लागल्यावर काय करायचं ते शिकवायला या," त्या म्हणाल्या. "दरसाल आमचा डोंगर जळतोय."

मी प्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "आग आपल्या विषयात बसत नाही."